मदत हवी आहे: पोळ्याला होम थिएटर ऐकवायचंय, डिस्क कोणत्या घेऊ?

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी नवीन ५.१ सेट (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) बसवलाय. खोली १२ बाय १४ फूट, भिंती विटांच्या, वर टिनाचे पत्रे. प्लेअर साधा ब्ल्यू-रे, रीजन सी (भारत ज्यात येतो तो गट; फक्त दुसऱ्या रीजनसाठी काढलेली डिस्क यात लागत नाही). फोर-के डिस्क चालत नाही. इथल्या नेटचा भरवसा नाही, म्हणून डिस्कच पाहिजे.

जुन्या डीव्हीडी लावून पाहिल्या, आवाज दबलेला वाटतो. मित्राची ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) ब्ल्यू-रे लावली, तर बोलणाऱ्याचा आवाज पुढून मागे फिरत गेला. अंगावर काटा आला! म्हणजे मागचे स्पीकर बरोबर लागलेत.

घोडं अडलंय बासवर. सबवूफर जरा वाढवला की पत्रा थरथरतो, हुकाचं वायसर टिणटिण वाजतं. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर आहे. सब कोपऱ्यातून काढून सोफ्याशेजारी ठेवला, थोडाच फरक पडला. त्यामुळे नुसते स्फोट असलेली डिस्क उपयोगाची नाही.

पोळ्याला पाहुणे येतील, लहान पोरंही असतील. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधलं समुद्रकिनाऱ्याचं युद्ध सगळेच सुचवतात, पण ते पोरांसमोर नको. आजीला इंग्रजी समजत नाही, तिच्यासाठी गाण्यांची मैफल किंवा जंगलाचा माहितीपट चालेल. बजेट तीन डिस्कचं मिळून ३००० रुपये.

तर रीजन सी किंवा रीजन-फ्री, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ नाहीतर ट्रूएचडी (दोन्ही आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारे प्रकार) ट्रॅक असलेल्या कोणत्या तीन डिस्क घ्याव्यात, आणि प्रत्येकीतला नेमका कोणता प्रसंग लावू? तुम्ही स्वतः घरी लावून ऐकलेल्याच सांगा जी.