काल्मिक पळून आले की ठरवून आले? आणि ती १६५५ ची शपथ

गवत्या (धागाकर्ता):
काल्मिक म्हणजे रशियात व्होल्गाच्या खालच्या अंगाला राहणारे मंगोल वंशाचे बौद्ध लोक. त्यांच्याबद्दल जिथे बघावं तिथे एकच वाक्य, जुंगारियात (आजच्या चीनच्या वायव्य टोकाला) भाऊबंदकीत मार खाल्ला आणि पश्चिमेला पळाले. मला नाही पटत. त्यांच्यातल्या तोर्गुत टोळीचा म्होरक्या खो ओर्लुक, १६०७ च्या आसपास त्याची माणसं सायबेरियातल्या रशियन ठाण्यांवर कुरणं आणि व्यापाराचं बोलायला जातात, मग हे लोक इर्तिश, तोबोल या नद्यांच्या काठाने सरकत, नोगाई या तुर्की भटक्यांना हुसकावत १६३० च्या सुमारास व्होल्गाच्या खालच्या अंगाला पोचतात. वीसेक वर्षं! पळणारा माणूस मेंढरं, उंट, बायकापोरं आणि लोकर कुटून केलेल्या नमद्याचे तंबू घेऊन वीस वर्षं पळतो होय? आणि पळपुटा १६४० साली मंगोल आणि ओइरात (म्हणजे पश्चिम मंगोल, काल्मिक त्यांच्यातलेच) यांची कायदेसंहिता ठरवायला पुन्हा पूर्वेला सन्मानाने जातो का? माझ्या मते पहिले तीन-चार राज्यकर्ते एक नंबर मुरब्बी होते.

कोरडीचटणी:
एवढं मुरब्बी होते तर चोरोस या दुसऱ्या ओइरात घराण्याचा जोर वाढल्यावर घर का सोडलं? इकडे कझाक, तिकडे खाल्खा मंगोल, मधे आपसातली मारामारी, कुरणं पुरेनात. याला आमच्यात निघून जाणं म्हणतात, तुम्ही स्थलांतर म्हणा. आणि खो ओर्लुक १६४४ मधे कॉकेशसच्या स्वारीतच मारला गेला, म्हणजे नवी जागा काही फुकट मिळाली नव्हती.

गवत्या:
दोन्ही खरं असू शकतं की. अडचण होती म्हणून निघाले, पण कुठे जायचं ते ठरवून.

उंटावरचा_शहाणा:
माझं भांडण पुढचं आहे. खो ओर्लुकचा मुलगा दायचिन, १६५५ ला त्याच्या वकिलांनी झारची शपथ घेतली, तिला शेर्त म्हणतात. बुद्धमूर्तीला ओठ लावायचे, सुरा चाटून गळ्याला लावायचा, असा विधी. पण कागद कोणी लिहिला? रशियनांनी. त्यात काल्मिक झारचे कायमचे प्रजाजन. दायचिनच्या लेखी हा दोन बलाढ्यांमधला तह, दरवर्षी भेटी मिळणार, आपण गरजेला घोडेस्वार देणार. मुरब्बी माणूस न वाचता सही करतो का राव? तिथेच फास बसला.

गवत्या:
फास बसला असता तर दायचिनचा नातू अयुका तसा वागला असता का? १६७३ ला त्यानेही शपथ घेतली आणि पुढे त्याच्या लोकांनी रशियन वस्त्यांवर छापे मारले, क्रिमियाच्या खानाशीही बोलणी केली. १६९० ला खान ही पदवी घेतली ती दलाई लामांकडून, मॉस्कोकडून नाही. आणि १७२२ ला पीटर द ग्रेट सरातोवजवळ व्होल्गावर त्याला आपल्या जहाजावर बोलावतो, इराणच्या मोहिमेला दहा हजार स्वार मागतो. म्हातारा म्हणतो दहा हजार हजर आहेत पण निम्मे पुरतील, आणि पाच हजार पाठवतो. बादशहाशी असं घासाघीस करणारा मांडलिक मी तरी पाहिला नाही.

उंटावरचा_शहाणा:
घासाघीस केली, पण दिले ना पाच हजार? हेच तर म्हणतोय. आणि अयुका १७२४ ला गेल्यावर वारसाची भांडणं लागली, त्यात रशियाने आपल्याला हवा तो उभा केला. एका माणसाच्या दमावर चालणारं राज्य होतं ते, कागद मात्र रशियाकडे जपून ठेवलेला.

ताकपिठलं:
मधे एक टाकते, कोणी १७०१ चं काढलंच नाही. अयुकाचा मुलगा सांजिप बापाशी बिनसून १५ हजार तंबू घेऊन जुंगारियाला परत गेला, तिथल्या जुंगारांचा राजा त्सेवान राब्दान याने माणसं ठेवून घेतली आणि सांजिपला रिकाम्या हाताने परत धाडलं. म्हणजे मागचा रस्ताही बंदच. मग व्होल्गाकाठी शपथ घेऊन बसण्याशिवाय दुसरं काय करणार होते ते सांगा.

कोरडीचटणी:
रस्ता बंद नव्हता, नंतरचा काल्मिक म्होरक्या उबाशी याने १७७१ च्या जानेवारीत काढलाच की. दीडेक लाख माणसं घेऊन निघाला, चीनच्या चिंग साम्राज्याच्या हद्दीत निम्मीही पोचली नाहीत.

ताकपिठलं:
तो उघडला कारण तोवर चिंगने जुंगारांना संपवून कुरणं रिकामी केली होती, अयुकाच्या वेळी ते नव्हतं. आणि जे पश्चिम काठावर राहिले ते निष्ठेने नव्हे, त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठली नाही, ओलांडताच येईना. आजचे काल्मिक बहुतेक त्यांचेच वंशज.

गवत्या:
बरं, शपथेचा मुद्दा अर्धा सोडतो. दायचिनने तो कागद वाचून घ्यायला हवा होता. पळपुटे मात्र अजूनही म्हणणार नाही.