प्रतिसाद: जपणं म्हणजे नवं करणं नव्हे

जुनी इस्टेट जपायची तर ती पूर्वीसारखी झळाळती करायला हवी, असं वर म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं कॅल्क ॲबी हे जुनं, मोठं घर बघा. १६२२ पासून एकाच घराण्याकडे होतं. १९८१ मध्ये मालक वारले, वारसा कर डोईजड झाला आणि १९८५ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आलं. ट्रस्टने पडझड थांबवली, पण खोल्या सापडल्या तशाच ठेवल्या: सुटलेला वॉलपेपर, उडालेला रंग, पेंढा भरलेले पक्षी. तिथेच अठराव्या शतकातल्या पलंगाचे चिनी रेशमी पडदे खोक्यात बांधलेले सापडले. कधी टांगलेच नव्हते, त्यामुळे रंग अगदी ताजे! घराची उतरती कळासुद्धा त्याचा इतिहासच आहे, ती कशाला पुसायची?