मदत हवी आहे: कादंबरीतलं जग समजावून न सांगता कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून मी एक विज्ञान कादंबरी लिहितेय. पुढचा काळ, पाण्याचा प्रत्येक घोट मोजला जातो आणि ज्याचा-त्याचा शिल्लक आकडा मनगटावर दिसतो. कच्चा खर्डा पूर्ण झालाय.

अडलंय ते पहिल्या प्रकरणात. मोजणी कोण करतं, आकडा शून्यावर आला की काय होतं, हे सांगण्यातच अकरा पानं गेली आणि नायिका अजून दारात उभी. वाचायला दिलं त्या मैत्रिणीने चौथ्या पानावर वही मिटली. ती पानं काढली तर पुढचं काही कळत नाही.

एक दृश्य मात्र जमलंय. आई तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवते, मनगटाकडे बघते आणि पट्टी पिळून पाणी परत वाटीत घेते. तिथे एका ओळीचाही खुलासा लागला नाही. मला सगळी कादंबरी अशी हवी आहे.

रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी' (We, म्हणजे 'आम्ही') या विज्ञान कादंबरीतला निवेदक परग्रहावरच्या वाचकांसाठी लिहितो, म्हणून त्याने स्वतःचं जग समजावणं खटकत नाही. माझ्या नायिकेला तशी सोय नाही, तिला हे सगळं रोजचंच आहे.

असं काही लिहिलेलं कुणी आहे का? माहिती किती पुढे ढकलावी? वाचक किती पानं अंदाजाने चालतो? पहिलं प्रकरण वाचून परखड मत देणारं कुणी भेटलं तर फार बरं होईल, लगेच पाठवते.