स्वप्रकाशित पुस्तक आणि फेसबुकची जाहिरात: पैसे पाण्यात?

शिळाप्रेस

स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्याला हल्ली एकच सल्ला मिळतो: फेसबुकवर पान उघडा, मुखपृष्ठ टाका, ‘बूस्ट’ (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण) दाबा. माझं मत उलट आहे. ज्याचं एकच पुस्तक आहे अशा मराठी लेखकानं जाहिरातीवर छदामही घालू नये. का, ते आकड्यांतच बघू.

दोनशे पानांचं, २५० रुपये किमतीचं पुस्तक धरा. प्रकाशनपूर्व सवलतीत २०० रुपयांना. तीनशे प्रतींच्या आवृत्तीत छपाई प्रतीमागे ९० रुपये धरू (कागद-बांधणीनुसार मागेपुढे). टपाल (कर धरून) २४, पाकीट-चिकटपट्टी ८. हातात उरले ७८ रुपये.

आता १,००० रुपयांची जाहिरात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. एका क्लिकला ४ रुपये पडले तर २५० माणसं दुव्यावर येतात. शंभरातली दोन विकत घेतात असं उदारपणे धरलं तरी पाच प्रती, ३९० रुपये. बाकीचे ७९० खिशातून गेले. नुसती बरोबरी साधायला सोळा प्रती खपायला हव्यात, म्हणजे शंभरात सहाहून जास्त. अनोळखी लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत हे दिवास्वप्न आहे. त्यातून दुवा ॲमेझॉनचा दिलात तर विचारूच नका. त्या पानावर तुमचा पिक्सेल (आलेल्या माणसानं पुढे काय केलं ते फेसबुकला कळवणारा कोड) बसत नाही, त्यामुळे क्लिक किती झाले ते दिसतं, पण त्यातून प्रती किती गेल्या हे कळत नाही.

त्यापेक्षा प्रकाशनपूर्व नोंदणी नीट करा. छापखान्याला अंतिम पीडीएफ गेल्याशिवाय ती उघडू नका आणि तीन-चार आठवड्यांपलीकडे ताणू नका. गूगल फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पिनकोड (स्वतंत्र रकान्यात, पत्त्यातच लिहायला सांगितला की निम्मे विसरतात), मोबाइल आणि यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक मागा. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, यूटीआर बँकेच्या नोंदीशी ताडूनच पाकीट भरा. दिवाळीच्या आधीचे दोन महिने टाळा, छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात. दोन महिने उशीर झाला की ज्यांनी आगाऊ पैसे दिले तेच सगळ्यांत आधी बोंब मारतात. २७ फेब्रुवारीही टाळा. त्या दिवशी झाडून सगळे सवलत देतात, तुमची पोस्ट कोण बघणार?

टिचकी

@शिळाप्रेस, हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही जाहिरातीची सगळ्यांत वाईट पद्धत निवडलीत आणि जाहिरातच वाईट ठरवलीत.

‘बूस्ट’चं बटण विसरा. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये (जाहिरात तपशिलात आखायची सोय) जा. पहिल्या टप्प्यात पुस्तक विकूच नका. पुस्तकातल्या एका प्रसंगाचं वाचन, ४५ ते ६० सेकंद, पडद्यावर मजकुरासकट (बहुतेक लोक आवाज बंद ठेवून बघतात). हा व्हिडिओ थोड्या पैशांत चालवा. ज्यांनी तो निम्म्याहून जास्त पाहिला, त्यांचा वेगळा ‘कस्टम ऑडियन्स’ बनवता येतो आणि ती नोंद ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. विक्रीची जाहिरात फक्त त्यांनाच दाखवा आणि बटण दुव्याचं न देता व्हॉट्सॲपचं द्या. माणूस एक टिचकी मारतो आणि ‘पुस्तक हवे आहे’ असा तयार संदेश तुमच्याकडे येतो. त्यानं घेतलं नाही तरी संवाद सुरू झालेला असतो.

दुसरी हमखास चूक भाषेची. जाहिरातीत ‘भाषा: मराठी’ निवडलं की आपले वाचकच गळतात, कारण मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी फोन आणि फेसबुक इंग्रजीतच ठेवलेलं असतं. भाषेचा रकाना रिकामा सोडा. महाराष्ट्र, गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा असा भूगोल द्या. जाहिरातीचा देवनागरी मजकूर उरलेली चाळणी लावतो.

आता तुमचाच हिशेब तीन पुस्तकांच्या संचाला लावा. संच ६०० रुपये, छपाई २७०, टपाल ६०, पॅकिंग १०. उरले २६०. त्याच २५० क्लिकमधून तेच दोन टक्के, पाच संच, १,३०० रुपये. जाहिरात फिटली.

शिळाप्रेस

२०० रुपयांना दोन टक्के घेतात म्हणून ६०० रुपयांनाही दोनच टक्के घेतील? किंमत तिप्पट झाली आणि घेणारे तेवढेच राहिले, हे गृहीतक जरा जास्तच सोयीचं आहे. आणि धाग्याचा विषय एकच पुस्तक असलेला लेखक हा आहे. त्यानं संच आणायचा कुठून?

व्हॉट्सॲपच्या बटणाचं म्हणाल तर संदेश येतात, पण कसले? ‘पीडीएफ आहे का?’

ई-पोथी

दोघंही छापील प्रतीतच अडकलात. ज्याच्याकडे तीनशे प्रतींचे २७,००० रुपये नाहीत त्यानं काय करायचं? किंडलवर मराठी २०१६च्या शेवटापासून आहे आणि तिथे गोदाम लागत नाही. पण लोक घाईत चढवतात आणि मग ‘किंडलवर मराठी खपत नाही’ म्हणतात. चुकतं कुठे ते सांगतो.

मजकूर श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात) असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि रूपांतरानंतर रफार, ऱ्य, ऱ्ह, जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. मोफत नमुन्याच्या पहिल्या पानावर तुटलेलं ‘दुसऱ्या’ दिसलं की वाचक तिथूनच मागे फिरतो.

शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात, प्रत्येकी ५० अक्षरांचे. शीर्षक देवनागरीत असतंच, ते तिथे परत लिहून जागा वाया घालवू नका. वाचक फोनवर रोमन लिपीत टंकतात, म्हणून विषय आणि प्रकार रोमनमध्ये लिहा, शक्य त्या दोन-तीन स्पेलिंगांनी. दुसऱ्या लेखकांची नावं कोंबू नका, ते नियमांत बसत नाही.

रॉयल्टीचं गणित फारच थोडे करतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपीच्या (किंडलवर स्वतः पुस्तक काढायची ॲमेझॉनची सेवा) ‘सिलेक्ट’ योजनेत घालावं लागतं. तिथे फाइलच्या आकारानुसार एमबीमागे ७ रुपये वितरणखर्च आधी कापला जातो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो कापत नाहीत. समजा १०० रुपयांचं प्रवासवर्णन, फोटोंसकट ४ एमबी. कर बाजूला ठेवला तर २८ वजा, ७२चे ७० टक्के, म्हणजे ५० रुपये. कादंबरी अर्ध्या एमबीची असेल तर साडेसदुसष्ट. फाइल ७ एमबीच्या वर गेली की याच किमतीला ३५ टक्क्यांचा पर्यायच बरा पडतो. फोटो आधी लहान करा.

टिचकी

किंडलबद्दल बाकी सगळं मान्य, पण सिलेक्टची अट अर्धीच सांगितलीत. ते ९० दिवसांचं बंधन आहे आणि त्या काळात तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही चालत नाही. नमुना म्हणून फार तर १० टक्के. मराठी लेखक नेमका इथेच सापडतो: कादंबरीची प्रकरणं प्रतिलिपी या कथा-कादंबऱ्यांच्या ॲपवर पडलेली, दोन कथा ब्लॉगवर, एक दिवाळी अंकात आणि त्या अंकाची ई-आवृत्ती विक्रीला. पहिल्या दोन्ही ठिकाणचं काढून टाकता येतं. दिवाळी अंकाची ई-आवृत्ती तुमच्या हातात नसते.

छापील पुस्तकाला मात्र ही अट लागू नाही, तेवढं लक्षात असू द्या.

नुसताच वाचक

तिन्ही लेखकमंडळींना एका गिऱ्हाइकाकडून चार शब्द.

न विचारता ‘वाचकमित्र’ छाप गटात कोंबणं बंद करा. लोक गट सोडताना तुमचा नंबर ‘रिपोर्ट’ करून जातात. असं बऱ्याच जणांनी केलं की नंबर बंद होतो, मग बसा चॅटसकट वाचकयादी गमावून. तेच मुखपृष्ठ पंधरा वेळा दाखवल्यानं पुस्तक विकत घ्यावंसं वाटत नाही. मला आतलं पान दाखवा. अडीचशे-तीनशे शब्दांचा उतारा, शेवटी पानं किती, किंमत किती, कुठे मिळेल. ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ दिसलं की मी पुढे सरकतो. २५० रुपयांत लपवण्यासारखं काय आहे?

उताऱ्याच्या पहिल्या तीन ओळी दमदार हव्यात, पुढचं ‘आणखी पहा’च्या खाली जातं. तिथे ‘नमस्कार मित्रांनो, कळवण्यास अत्यंत आनंद होतो की’ असेल तर उतारा कोणी उघडतच नाही.

रच्याकने, उताऱ्याचं चित्र करताना टंक (फॉन्ट) तपासा. काही सजावटी टंकांत वेलांट्या कापल्या जातात, जोडाक्षरं सुटी पडतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक फुकट आहेत आणि देवनागरी नीट दाखवतात. मुखपृष्ठही फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. वळणदार सुलेखन तिथे वाचता येत नसेल तर त्या मुखपृष्ठाचा ऑनलाइन उपयोग शून्य.

शिळाप्रेस

+१. गटात कोंबण्याऐवजी व्हॉट्सॲपची प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) वापरा. एका यादीत २५६ जण बसतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच संदेश पोचतो, आणि पोचला नाही तर तसं कुणी कळवतही नाही. म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापा, खाली एक ओळ: ‘नंबर साठवा आणि नाव पाठवा, पुढच्या पुस्तकाची खबर देऊ.’ छपाईत याला वेगळा खर्च नाही. चॅनेल काढलात तर तिथे वाचकांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे ती यादी तुमची होत नाही.

टपालाचं थोडं सविस्तर, कारण नफा तिथेच गळतो. जुनं बुकपोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झालं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. रस्ता-रेल्वेनं जातं, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. डेमी आकाराची २०० पानं ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर मुखपृष्ठ धरून साधारण २३० ग्रॅम भरतात, पाकिटासह ३००च्या आत. ८० जीएसएम घेतला तर पुस्तकच २६०च्या आसपास जातं आणि कोपरे वाचवायला पुठ्ठा घातला की वरचा दर लागतो. कागद ठरवतानाच वजन काढा.

न्यूजर्सीकर

परदेशातल्या वाचकाला कुणी मोजतच नाही. २०० रुपयांचं पुस्तक इथे मागवताना टपालखर्चच पुस्तकाच्या कित्येक पट होतो, म्हणून इथला वाचक ई-पुस्तक घेतो. त्यामुळे @ई-पोथी यांच्या बाजूनं एक मत. मात्र इथे व्हॉट्सॲपपेक्षा ईमेल चालते. तुमची सकाळ ही आमची रात्र, चॅटमधलं उठेपर्यंत वाहून जातं. फॉर्ममध्ये ईमेलचा ऐच्छिक रकाना ठेवा आणि महिन्याला फार तर एक पत्र. महाराष्ट्र मंडळांनाही लिहा. पुस्तक पाठवत बसू नका, लेखकाशी तासाभराच्या ऑनलाइन गप्पा सुचवा आणि खरेदीचा दुवा गप्पांच्या शेवटी न देता निमंत्रणातच द्या.

ॲमेझॉनवरच्या अभिप्रायांचं एक: बायको, मेहुणा, शाळेतले मित्र यांच्याकडून पाच-पाच तारे गोळा करू नका. नातेवाईक आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय नियमांत बसत नाहीत आणि काढले जातात. ओळखीचे नसलेल्या वाचकांना आगाऊ प्रत द्यायला हरकत नाही, पण बदल्यात कौतुकाची अट घालायची नाही.

टिचकी

@शिळाप्रेस, क्यूआर कोडची तुमची यादी वाढणार कशी? पुस्तक ज्याच्या हातात पडलं तोच तो कोड बघणार. तीनशे प्रती म्हणजे जास्तीत जास्त तीनशे माणसं, त्यातली निम्मी आधीच ओळखीची. नव्या माणसापर्यंत पोचायला उतारे तरी हवेत नाहीतर पैसे. उताऱ्यांनी होत असेल तर उत्तमच, पण त्याला आठवड्याला दोन असे सहा महिने लागतात. पुस्तक आलं आणि मग सुरुवात केली, असं चालत नाही.

तुमच्या ‘पीडीएफ आहे का?’वर उपाय: व्हॉट्सॲपच्या व्यवसायाच्या ॲपमध्ये झटपट उत्तर तयार ठेवा. ‘पीडीएफ नाही. पहिलं प्रकरण हे घ्या. प्रत २०० रुपये, टपाल धरून, क्यूआर सोबत.’ मागणारा गप्प बसतो किंवा पैसे भरतो. गप्प बसला तर त्याला लेबल लावा आणि दुसरं पुस्तक येईपर्यंत त्रास देऊ नका.

शिळाप्रेस

सहा महिने आधी सुरुवात करावी, हे मान्य. ज्यानं ती केली त्याला पहिल्या पुस्तकाला जाहिरात कशाला लागते, एवढंच मी विचारतोय. व्हिडिओवर घालणार असाल ते १,१८० रुपये छपाईत घाला, वरच्या हिशेबानं तेरा प्रती वाढतात. त्या जिल्ह्यातल्या तेरा सार्वजनिक ग्रंथालयांना द्या, आत क्यूआर कोड आहेच. तिथे एक प्रत एकाच माणसाच्या हातात राहत नाही.

ई-पोथी

ग्रंथालयात द्यायच्या प्रतींवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असू द्या. राजा राममोहन रॉय यांच्या नावानं असलेल्या राष्ट्रीय संस्थेकडून तो ऑनलाइन अर्ज करून विनाशुल्क मिळतो. पैसे घेऊन ‘काढून देणाऱ्या’ मध्यस्थांची गरज नाही. अर्ज पुस्तक छापायला जाण्याच्या पुरेसा आधी करा, नंतर चिकटवलेला क्रमांक भयंकर दिसतो.