मदत हवी आहे: सांगाडा लढतोय, पण उजेड लुकलुकतोय (घरगुती स्टॉप-मोशन)

चिरंजीव यंदा आठवीत. मे महिन्यात मामाकडे राहायला गेला होता, तिथे 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (१९६३) हा सांगाड्यांशी तलवारबाजी असलेला सिनेमा पाहून आला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. रे हॅरिहाउझेन नावाच्या एका माणसाने ते सात सांगाडे टेबलावर एकेक फ्रेमला (म्हणजे सिनेमातल्या एकेका चित्राला) हाताने किंचित हलवून लढवले, यालाच स्टॉप-मोशन म्हणतात, कॉम्प्युटरचा संबंध नाही, हे कळल्यावर तर "आई, आपणही करू" सुरू झालं. 'आपण' म्हणजे कोण ते आयांना सांगायला नको.

आत्तापर्यंत केलंय ते असं. जेवणाच्या टेबलावर थर्माकोलची शीट. वीतभर उंचीचा सांगाडा, आत बांधकामावरची बाइंडिंग वायर, वर कापूस आणि फेविकॉल. तलवार आइस्क्रीमच्या काडीची. अंगावर जुन्या काळ्या ओढणीचा झगा. मोबाइल ट्रायपॉडवर, सेकंदाला १२ फोटो. चार संध्याकाळी बसून १०८ फोटो झाले, म्हणजे अख्खे नऊ सेकंद! आता अडचणी.

पडदे ओढलेले, वर एकच एलईडी दिवा, तरी फोटो सलग चालवले की चोक गेलेल्या ट्यूबसारखं लुकलुकतं. ६३व्या फोटोला कोपर तुटलं. जोडलं, पण हात पुन्हा त्याच जागी नेमका बसेना, त्यामुळे तिथे एकदम हिसका दिसतो. पाय टाचण्यांनी थर्माकोलमध्ये रोवतो, तरी पाऊल उचललं की अख्खं ध्यान कलतं आणि खाली भोकं दिसतात. झगा तर वारं सुटल्यासारखा सारखा थरथरतो. पंखा बंद असतो हो, घामाघूम होऊन बसतो आम्ही.

आणि खरी मागणी पुढेच आहे. त्याला स्वतः त्या सांगाड्याशी लढायचंय. ग्रीन स्क्रीनचं (मागच्या हिरव्या पडद्याच्या जागी दुसरं चित्र बसवणारं) अ‍ॅप चालणार नाही, "त्यांनी केलं तसंच" हवंय. त्यांनी नक्की केलं कसं? आणि जेवणाच्या टेबलावर त्यातलं काय जमेल? शाळा सुरू व्हायला तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर आयएसओ (उजेड किती टिपायचा), शटर (किती वेळ उघडं राहायचं), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) सगळं हाताने ठरवून कुलूप लावा. ऑटोवर असलं की फोन प्रत्येक फोटोला नव्याने विचार करतो. शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, शटर जास्त वेगाचं असलं की ते पकडलं जातं. आणि फोटो बोटाने टिपू नका, इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने टिपा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. त्यात एक भर: फोटो काढताना तुम्ही काय घालता? पांढरा किंवा पिवळा कपडा असेल तर त्यावरून उजेड उडून बाहुलीवर पडतो. तुम्ही दर वेळी थोड्या वेगळ्या जागी उभ्या राहता, की लागलं लुकलुकायला. गडद कपडे घाला आणि दर फोटोला एकाच जागी जाऊन थांबा. जमिनीवर खडूने खूण करा.

कोपराचं. बाइंडिंग वायर लोखंडी, चारदा वाकवली की मोडणारच. हार्डवेअरच्या दुकानात मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते, तिचे दोन-तीन पदर पीळ घालून एक करा. हाडांच्या जागी एम-सील थापा, सांध्याशी बोटभर तार मोकळी सोडा. मोकळी जागा अगदी कमी ठेवलीत तर सगळा वाक एकाच बिंदूवर येतो आणि तिथेच तुटतं. हॅरिहाउझेनच्या बाहुल्यांत तार नसायची, धातूचे गोळी-खोबणीचे सांधे असायचे. ते लेथवर करून कोण द्यायचं? त्यांचे वडील, फ्रेड! म्हणजे घरच्यांना वेठीला धरायची परंपरा तिकडेही होती.

पायाला छोटे चुंबक चिकटवा आणि थर्माकोलऐवजी लोखंडी पत्रा घ्या. स्टीलचं ताट नको, बऱ्याच स्टीलला चुंबक धरत नाही. व्यावसायिक लोक टेबलाला भोकं पाडून खालून पावलात स्क्रू आवळतात, ते तुमच्या जेवणाच्या टेबलाला करू नका.

हात पुन्हा जागेवर आणायला त्यांच्याकडे सरफेस गेज असायचा, म्हणजे जड बुडाचा उभा दांडा आणि त्याला हलवता येणारी सुई. घरी मातीच्या गोळ्यात विणायची सुई खोचा. हलवण्याआधी टोक मनगटाला टेकवा, हात हलवा, टोक आणि मनगटात किती फट पडली ते बघा, मग सुई बाजूला करून फोटो.

प्रतिसाद ३

झग्याची काळजी करू नका. 'किंग काँग'मध्ये (१९३३) काँगच्या अंगावर सशाची फर होती आणि दर फ्रेमला बोटं लागून ती विस्कटायची. पडद्यावर केस सारखे वळवळताना दिसतात. नव्वद वर्षं लोक ते प्रेमाने बघताहेत. हाच सिनेमा तेरा वर्षांच्या हॅरिहाउझेनने पाहिला आणि पोरगा कामातून गेला. तुमच्याकडेही लक्षणं तीच दिसतात.

तरी नकोच असेल तर ओढणीच्या कडेत बारीक तार ओवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. पांढऱ्या कपड्याचं वाचलं आणि फोटो उलटे चाळले. मी पांढऱ्या गाऊनमध्ये आणि चिरंजीव आलटून-पालटून शाळेच्या पांढऱ्या शर्टात! नेमक्या तिथेच सांगाडा उजळतो. आज संध्याकाळपासून दोघंही काळ्यात. सासूबाई विचारताहेत, कोण गेलं.

लढाईचं कोणी सांगेल का? आता तो तीन सांगाडे म्हणतोय.

प्रतिसाद ४

एकच करा. १९५५च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी'मध्ये हॅरिहाउझेननेच पैसे आणि वेळ वाचवायला ऑक्टोपसला सहाच पाय दिले होते. चिरंजीवांना हे सांगा, गुरूचा दाखला म्हटल्यावर ऐकतील. शिवाय सात सांगाडे म्हणजे प्रत्येकाचे दोन हात, दोन पाय, एक डोकं, अशा दर फ्रेमला पस्तीस हालचाली. दिवसाला सरासरी तेरा फ्रेम व्हायच्या, पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद. त्या एका मारामारीला साडेचार महिने लागले.

आता कृती. आधी त्यांनी खऱ्या माणसांना सांगाड्यांच्या जागी उभं करून तलवारबाजी मोजून बसवली. मग ती माणसं बाजूला झाली आणि नटांनी तेच हात हवेत केले. अवघड काय, तर समोर तलवार नसताना वार मधल्यामध्ये थांबवायचा. तुमच्याकडे बाबांना सांगाडा करा, आकडे म्हणत तालीम घ्या, मग बाबांना बाहेर काढून व्हिडिओ घ्या. मुलाची नजर कुठे राहील त्यासाठी भिंतीवर टिकली लावा.

तो चित्रित भाग त्यांनी बाहुलीच्या मागच्या पडद्यावर एकेक फ्रेम पाडला. एक फ्रेम मागे, तेवढीच बाहुली हलवायची, टिपायचं, पुढची फ्रेम. तुमचा पडदा म्हणजे लॅपटॉप. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर एकाआड एक फ्रेम काढा, सेकंदाला १५ पडतील आणि मग बाहुलीही १५वरच करावी लागेल. लॅपटॉप बाहुलीच्या दीड-दोन वीत मागे ठेवा, म्हणजे स्क्रीनची जाळी फोकसबाहेर जाते. बाहुलीवरचा दिवा कडेने द्या, स्क्रीनवर पडला की सगळं फिकट.

राहिलं टेबल लपवणं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. कॅमेरा आणि बाहुली यांच्यामध्ये ते काच लावायचे आणि टेबल दिसेल तेवढा खालचा भाग काळा करायचे. शॉट झाला की फिल्म मागे गुंडाळून, आता वरचा भाग झाकून, मागच्या पडद्यावरची खालची जमीन त्याच फिल्मवर पुन्हा घ्यायचे. दोन्ही मिळून सांगाडा खऱ्या मातीवर उभा! जाहिरातीत याला 'डायनामेशन' असं भारदस्त नाव दिलं होतं. मोबाइलवर हा खटाटोप करू नका. व्हिडिओ गच्चीवर किंवा मैदानात घ्या, तिथलीच थोडी माती आणि खडे आणून पत्र्यावर आणि त्याच्या कडेला पसरा. लॅपटॉपची खालची कड खड्यांमागे गेली की जोड सहज कळत नाही.

प्रतिसाद ५

अवांतर: फ्रेम-फ्रेम टिपण्याचं वेड आपल्याकडेही जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती आणि पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. सांगाडा फारच रुसला तर काड्या आहेतच.

धागाकर्ती

बाबा सांगाडा व्हायला तयार झालेत, फक्त रविवारी आणि चहा मिळाला तर. जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घेतला, फ्रिजवरचा चुंबक त्याला छान धरतोय. पण पत्रा चकाकतो आणि उजेड परत उडतोय. त्यावर मॅट रंग मारला तर चुंबकाची पकड कमी होईल का?