मदत हवी आहे : रायफलच्या नळीचा मुलामा उतरला, ब्लूइंग करावे की फॉस्फेट की सेराकोट?

नमस्कार मंडळी,

आमची शेती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी आहे. रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव कायमचाच असल्यामुळे वडिलांनी ईशापूर कारखान्याची .३१५ बोअरची बोल्ट रायफल घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर चढली. (वनखात्याची परवानगी हा स्वतंत्र विषय असून तो कृपया या धाग्यावर आणू नये.)

२०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही आचारसंहितांच्या काळात रायफल ठाण्यात जमा होती. परत मिळाली तेव्हा ती कापडी गवसणीतच होती आणि गवसणीला दमट वास येत होता. जिथे धरून रायफल उचलली जाते, तिथे नळीवर बोटांच्या ठशांच्या आकाराचे तांबूस डाग पडले आहेत. दस्ता सोडवून पाहिला, तर लाकूड आणि लोखंड जिथे भिडतात त्या रेषेवर गंजाने बारीक खड्डे केलेले दिसले. मूळचा निळसर काळा मुलामा निम्म्याहून अधिक उतरलेला आहे.

आता तीन सल्ले मिळाले आहेत. परवानाधारक दुरुस्ती करणारे म्हणतात की पॉलिश करून पुन्हा ब्लूइंग (पोलादाला निळसर काळा थर देणे) करावे. सैन्यातून निवृत्त झालेले एक काका फॉस्फेटचा (पोलादावर रसायनाने चढवलेल्या खरखरीत थराचा) आग्रह धरतात. पुतण्याला मात्र मोबाईलवर पाहिलेले मातकट रंगाचे सेराकोट (सिरॅमिकमिश्रित पातळ लेप) हवे आहे आणि ते जमत नसेल तर तालुक्याच्या गावी गाड्यांच्या रिंगांना पावडर कोटिंग करणाऱ्याकडे नळी द्यावी, जमल्यास ती दोन इंच आखूडही करून घ्यावी, असे त्याचे म्हणणे आहे. दिसण्याची मला फारशी पर्वा नाही. नळी आणखी वीस वर्षे टिकावी आणि नेम बिघडू नये, एवढीच अपेक्षा आहे. यांपैकी कशाने नळीचे आयुष्य खरोखर वाढते, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – जुना नेमबाज

दादा, आधी पुतण्याचा बेत थांबवा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि कलम ६ नुसार नळी आखूड करण्यासाठीही त्याच कामाचा परवाना लागतो. रिंगांना रंग देणाऱ्याच्या हाती नळी देणे म्हणजे गंजापेक्षा मोठे संकट घरी आणणे होय. पावडरचा थर जाडही बसतो, त्यामुळे कोरलेले क्रमांक बुजतात आणि जोडाच्या जागा नीट बसत नाहीत.

आपला मूळ प्रश्न मात्र दोन प्रश्नांचा मिळून झालेला आहे. बाहेरचा मुलामा गंज अडवतो, तर नेम आणि नळीचे आयुष्य आतल्या आट्यांवर (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांवर) अवलंबून असते. म्हणून बोल्ट काढा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा, गजाला पांढरी चिंधी लावून नळी आतून पुसा आणि मग उजेडाकडे धरून पाहा. आट्यांमध्ये खड्डे पडलेले असतील तर बाहेरून कोणताही लेप दिला तरी ते भरून येणार नाहीत. आतून क्रोम चढवणे हे नळी घडवतानाचे काम आहे, कारण क्रोमच्या थरासाठी बोअर (नळीचे आतले छिद्र) आधीच किंचित मोठा ठेवावा लागतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एम-१६ रायफली सुरुवातीला अडकत, त्यामागच्या कारणांत क्रोम नसलेल्या चेंबरमधील (काडतूस बसते त्या जागेतील) गंज हेही एक होते आणि पुढे तिथे क्रोम देण्यात आले. नायट्रायडिंगही (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणे) उत्तम असते, परंतु त्यात पोलाद सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावे लागते. जुन्या, खड्डे पडलेल्या नळीसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

उरले बाहेरचे. ब्लूइंग म्हणजे वेगळा रंग नव्हे. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलादाच्याच पृष्ठभागाचे काळे ऑक्साइड बनवले जाते. तो थर अतिशय पातळ असतो आणि तेलाविना त्याचा गंजापुढे टिकाव लागत नाही. मँगनीज फॉस्फेटचा थर खरखरीत आणि सच्छिद्र असल्यामुळे तेल धरून ठेवतो, म्हणूनच लष्कराने तो पत्करला. सेराकोट घामाला आणि दमटपणाला चांगले तोंड देते, मात्र ते बोअरच्या आत द्यायचे नसते. घामाचे हात आणि पावसाळा यांचा विचार केला तर आपल्याकडे मी फॉस्फेटला कौल देईन. काकांचे म्हणणे बरोबर आहे.

एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याला बजावून सांगा. खड्डे घालवण्याच्या नादात बफ (पॉलिशचे चाक) जोरात चालवला तर क्रमांक पुसट होतो आणि ओळखचिन्ह पुसणे हा कलम ८ खाली गुन्हा आहे. काम देण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र काढा, पावती घ्या आणि थोडे खड्डे राहिले तर राहू द्या.

आणखी एक विचारतो : रायफल ठेवता त्या खोलीत खताची पोती असतात काय?

धागाकर्ता

आभारी आहे. होय, त्याच खोलीत पोटॅशची पोती रचलेली असतात. आतून चिंधी फिरवली तर ती तपकिरी निघाली, पण तेल देऊन पुन्हा पुसल्यावर आटे स्वच्छ दिसत आहेत. नळीचा लाकडाखालचा भाग फॉस्फेटने आणि वरचा ब्लूइंगने, असे करता येते का?

प्रतिसाद – जुना नेमबाज

म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जुन्या पद्धतीच्या क्लोरेटयुक्त टोपीच्या (ठिणगी देणाऱ्या भागाच्या) काडतुसांनी बार काढल्यावर नळीत हेच मीठ उरते. ते हवेतला ओलावा ओढते आणि तेलात विरघळत नाही. पोती आजच दुसरीकडे हलवा. जुन्या साठ्यातील काडतुसे वापरली असतील तर नळी आधी गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि मगच तेल द्या. एका नळीला दोन मुलामे देण्याच्या फंदात पडू नका. संपूर्ण नळीला फॉस्फेट करून घ्या आणि दस्ता बसवण्यापूर्वी लाकडाखालच्या भागाला मेणाचा पातळ हात द्या. गवसणी फक्त ने-आण करण्यापुरती वापरा. पुढच्या वेळी ठाण्यात जमा करताना नळीला तेलाचा जाड हात द्या आणि पावतीवर रायफलच्या स्थितीची नोंद मागून घ्या.