बर्गेनमध्ये ब्लॅक मेटलपलीकडेही ऐका

नॉर्वेचं स्थानिक संगीत म्हणजे ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा एक काळाकुट्ट, आक्रमक प्रकार), असं काहीजण सांगतात. बर्गेन या नॉर्वेतल्या शहरापुरतं ते बरंचसं खरं आहे, पण हार्डांगर फिडल हे व्हायोलिनसारखं नॉर्वेजियन लोकवाद्य ऐकल्याशिवाय तिथून निघू नका. वाजवायच्या चार तारांखाली आपल्या सारंगीसारख्या तरफेच्या तारा असतात, बहुधा चार किंवा पाच. गज त्यांना लागत नाही, त्या आपोआप झंकारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

आणि ट्रोलहाउगेनला जाच. नॉर्वेजियन संगीतकार एडवर्ड ग्रीगचं हे १८८५पासूनचं घर. उन्हाळ्यात तिथे दुपारी अर्ध्या तासाच्या पियानो मैफली होतात. वादकामागच्या काचेतून ग्रीग जिथे बसून संगीत लिहायचा ती चिमुकली खोपटी आणि तळं दिसतं. हार्डांगर फिडलच्या लोकधुना पियानोवर आणल्या त्या यानेच. लाइट रेलने हॉप स्टॉपला उतरून चालत जाता येतं.